फझ पेडल व त्याचे दोषशोधन

फझ पेडल : विद्युत् गिटारच्या स्वराला हेतुपुरस्सर खरखरीत व घोगरे रूप देणारे, पायाने चालू-बंद करावयाचे छोटे इलेक्ट्रॉनीय साधन. ते गिटार व विवर्धक यांच्या दरम्यान जोडतात. विवर्धकाने आलेला संकेत मूळ आकार राखून केवळ मोठा करावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. फझ पेडलमध्ये मात्र संकेत इतका विवर्धित केला जातो, की ट्रँझिस्टरची मर्यादा ओलांडली जाऊन तरंगाचे माथे व तळ छाटले जातात. तरंग जवळजवळ चौकोनी होतो आणि मूळ स्वरात नसलेले अनेक अधिस्वर त्यात निर्माण होतात. याला विरूपण म्हणतात. एरवी जो दोष मानला जातो, तोच येथे साध्य असल्याने हौशी व्यक्तीने घरी बांधलेले असे मंडल नीट चालेनासे झाले, की इष्ट विरूपण कोठे संपते व बिघाड कोठे सुरू होतो, हे केवळ कानाने ठरविणे कठीण जाते.

या साधनाचा जन्मही बिघाडातूनच झाला. अमेरिकेतील मेंफिस येथे १९५१ साली ‘रॉकेट ८८’ या गीताचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गिटारवादकाचा विवर्धक वाटेत नादुरुस्त झालेला होता. त्यात कागद कोंबून काम भागविण्यात आले आणि त्याचा घोगरा आवाज ध्वनिमुद्रिकेत तसाच उतरला. लिंक रे याने ‘रंबल’ (१९५८) या रचनेसाठी, तर ‘द किंक्स’ या ब्रिटिश वृंदातील डेव्ह डेव्हिस याने १९६४ साली ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू मुद्दाम भोसकून वा चिरून असाच परिणाम साधला. असे उपाय एकदाच करता येत. शंकू पुन्हा सांधता येत नसे आणि तोच आवाज दुसऱ्या दिवशी मिळेल, याची शाश्वती नसे.

निर्णायक घटना नॅशव्हिल येथे घडली. मार्टी रॉबिन्झ याच्या ‘डोंट वरी’ (१९६१) या गीताच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिश्रण-फलकातील एका रोहित्रात बिघाड झाला. त्या मार्गाने जाणारा ग्रेडी मार्टिन याच्या सहा तारांच्या बास गिटारचा स्वर फाटून गुरगुरल्यासारखा उमटला. तो भाग रद्द न करता तसाच ठेवण्यात आला व गीत लोकप्रिय झाले. इतर कलावंतांकडून त्या आवाजाची मागणी होऊ लागली. परंतु फलकाचा तो भाग पुढे पूर्णपणे निकामी झाला. बिघाडाचाच बिघाड झाल्यावर काय करावे, असा हा विलक्षण प्रश्न होता. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी याने रेव्हिस हॉब्झ याच्या साहाय्याने ट्रँझिस्टर वापरून तोच परिणाम हुकमी देणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ साली ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रँझिस्टर असून दीड व्होल्टच्या दोन विद्युत् घटांवर ते चाले. प्रारंभी त्याचा फारसा खप झाला नाही. १९६५ साली ‘रोलिंग स्टोन्स’ या वृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्‌स याने ते वापरल्यावर चित्र पालटले. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट याने ‘टोन बेंडर’ बनविले व १९६६ साली आर्बिटर कंपनीचे ‘फझ फेस’ आले. जिमी हेंड्रिक्स याने फझ फेसचा विपुल वापर केला.

फझ फेसमध्ये दोन ट्रँझिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे व दोन नियंत्रक एवढेच घटक असतात. यामुळे घरी बांधणाऱ्यांना ते विशेष आवडते झाले. क्रेग अँडर्टन याच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने संगीतकारांमध्ये अशा बांधणीची आवड वाढविली. मात्र घटक थोडे म्हणजे दोष शोधणे सोपे, हा समज फसवा आहे. यातील पहिल्या ट्रँझिस्टरचा संग्राहक थेट दुसऱ्याच्या आधाराला जोडलेला असतो आणि दुसऱ्याच्या उत्सर्जकाकडून १,००,००० ओहमच्या रोधकातून पहिल्याच्या आधाराकडे प्रतिसंभरण केलेले असते. दोन्ही ट्रँझिस्टर असे परस्परांना बांधलेले असल्याने एका ठिकाणी बिघाड झाला, तरी सगळीकडचे विद्युत् दाब बदलतात व चुकीचा दाब जेथे आढळतो तो घटक पुष्कळदा निर्दोष असतो.

यासाठी प्रथम डोळ्यांनी तपासणी करतात. शेजारच्या पट्ट्यांना जोडणारा डाखाचा थेंब, निस्तेज व कच्चा डाखजोड, उलट बसविलेले विद्युत् विच्छेद्य धारित्र, ट्रँझिस्टरच्या पायांची अदलाबदल आणि पायकळीच्या चुकलेल्या तारा हीच बहुतेक वेळा कारणे असतात. त्यानंतर दाब मोजतात. ९ व्होल्टच्या घटमालेवर दुसऱ्या ट्रँझिस्टरच्या संग्राहकाशी सु. ४.५ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. तो जवळजवळ ९ व्होल्ट आल्यास ट्रँझिस्टरमधून प्रवाह वाहत नाही, तर फारच कमी आल्यास तो संतृप्त झाला आहे, असे समजतात. पहिल्याचा संग्राहक व दुसऱ्याचा आधार येथील दाब भिन्न आले, तर त्यांमधील जोडणीच तुटलेली असते. दाब योग्य असूनही आवाज येत नसेल, तर संकेताचा माग काढतात. विवर्धकाकडे जाणाऱ्या तारेच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडून त्याचे मोकळे टोक आदानापासून प्रदानापर्यंत एकेका सांध्याला लावीत जातात; जेथे आवाज नाहीसा होतो, त्याच्या अलीकडे दोष असतो. धारित्रामुळे एकदिश दाब अडतो. ही रीत घटमालेवरील मंडलापुरतीच सुरक्षित आहे. इलेक्ट्रॉन नलिकांच्या विवर्धकातील उच्च दाबाच्या भागात ती वापरणे जिवावर बेतू शकते.

जर्मेनियमच्या ट्रँझिस्टरमध्ये गळती प्रवाह बराच असतो व तापमान १०° से. वाढले, की तो सु. दुप्पट होतो. साधा मापक ही गळतीही विवर्धनात मोजत असल्याने सदोष ट्रँझिस्टर उत्तम भासतो. थंड खोलीत नीट जुळविलेले पेडल रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेत अडखळू लागते, स्वर तुटक होऊन लवकर विझतो. पुढे सिलिकॉनचे ट्रँझिस्टर आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. पण त्यांचा आवाज अधिक कर्कश वाटल्याने अनेक वादक जर्मेनियमलाच चिकटून राहिले. बांधणी करणारे म्हणून ८,२०० ओहमच्या रोधकाऐवजी बदलता रोधक बसवून ऋतुमानानुसार दाब जुळवितात. काही वादकांना तो तुटक स्वरच हवा असतो व ते दाब मुद्दाम बिघडवून ठेवतात. अशा वेळी दुरुस्ती करण्यापूर्वी वादकाला विचारणे आवश्यक ठरते.

आणखी एक चूक वारंवार आढळते. जर्मेनियमच्या मूळ मंडलात घटमालेचा धन अग्र भूमीला जोडलेला असतो, तर बहुतेक इतर पेडलांत ऋण अग्र. दोन्ही प्रकारची पेडले एकाच वीजपुरवठ्यावर लावली असता संकेताच्या तारांच्या आवरणामार्फत पुरवठ्याचा मंडलसंक्षेप होतो आणि सर्व पेडले एकदम बंद पडतात. अशा पेडलाला स्वतंत्र घटमाला देतात.