गोलात कोण?

शाळेत ज्याला पळता येत नसे त्याला गोलात उभे करीत. तो मान कायम माझा! त्यामुळे आर्थर व्हार्टनची हकिगत वाचून मी चाटच पडलो. आक्राचा हा पठ्ठ्या १८८६ साली लंडनला १०० यार्ड १० सेकंदांत पळाला, आणि तरी फुटबॉलमध्ये उभा कुठे, तर गोलात!

१८८९ साली तो रॉदरहॅम टाउनकडून पैसे घेऊन खेळू लागला. पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू तोच मानतात. १८९४ साली तो शेफील्ड युनायटेडमध्ये गेला, पण तिथे विली फोक हजर. नाव फोक, देह मात्र वडाचा बुंधा! त्याच्यापुढे व्हार्टनचा निभाव लागला नाही. पुढे कोळशाच्या खाणीत मजुरी आणि १९३० साली मृत्यू. थडग्यावर नावाचा दगड बसला १९९७ साली.

१०० यार्डांना १० सेकंद, नावाला ६७ वर्षे! गोल खाल्ला की पोरे मला शिव्या देत. पण निदान नाव घेऊन.