गोधडीची धुलाई आणि डागडुजी: विक्रोळीच्या कामगारवस्तीतला इतिहास

गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घातलेले अंथरूण-पांघरूण. देशावर तिला वाकळही म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेलगत कौदी. वरचा आणि खालचा थर बहुधा नऊवारी लुगड्याचा. मध्ये विटलेली धोतरे, फाटक्या चादरी, उरलेल्या चिंध्या. शिवण पुष्कळदा कडेपासून सुरू होते आणि चौकोनी फेऱ्या घेत आत सरकते. या दाट ओळी दिसायला सुंदर असतात, पण त्यांचे पहिले काम वेगळे: ओल्या, जड गोधडीवर धोपाटणे बसले तरी आतले थर गोळा होऊ नयेत. धुण्याचा विचार करूनच गोधडी शिवली जाई, म्हणून तिच्या शिवणीचा आणि धुलाईचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही.

विक्रोळी हे ठाण्याच्या खाडीकाठचे, खाजण आणि मिठागरांच्या शेजारचे गाव. 1943 मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी इथली जमीन विकत घेतली आणि नंतर कारखाने उभे राहिले. पुढे रेल्वेच्या पूर्वेला गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती झाल्या: टागोरनगर आणि मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या नावाचे कन्नमवारनगर. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या वळकटीत गोधडी असायचीच. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपणार, तिथे रात्री अंथरता आणि सकाळी घडी करून रचता येईल असे दुसरे स्वस्त साधन नव्हते.

गावाकडे गोधड्या धुण्याचा ठरलेला काळ नवरात्राआधीचा. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर, ओढ्यावर किंवा कालव्यावर नेत. मळ काढायला रिठा, पुढे धुण्याचा सोडा आणि वडीचा साबण. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही; दोघी दोन टोके धरून पिळत आणि तापलेल्या खडकावर पसरत. विक्रोळीत यातले काहीच नव्हते. खाडीचे पाणी खारे, नळ ठरावीक वेळेचा, आणि मोरी एवढीशी की गोधडी पुरती उलगडणेही अवघड. साहजिकच वरचेवर धुण्यापेक्षा गच्चीत किंवा गॅलरीच्या कठड्यावर ऊन दाखवण्यावर भिस्त राहिली. पावसाळ्याचे चार महिने तेही नाही. खाडीवरचा दमट वारा आणि बंद खोली यांनी सुती थरांत बुरशीचे काळे ठिपके पडत, ट्रंकेत कसर लागे. त्यावर घरगुती उपाय कडुलिंबाचा पाला, वेखंड आणि कापूर हे.

धुण्याची साधने बदलली तसा कापडावरचा परिणामही बदलला. 1959 मध्ये भारतात सर्फ आला, 1969 मध्ये निरमा. क्षारयुक्त पावडरीने मळ लवकर निघतो, पण कच्चे रंगही त्याच्याबरोबर जातात. जुन्या लुगड्यांचा लाल रंग आल या झाडाच्या मुळांचा, निळा निळीचा. एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत बनलेले अलिझरीन आले आणि 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात मिळू लागली. अलिझरीनचा लाल पाण्याला पक्का असतो. 1884 मध्ये निघालेल्या काँगो रेडपासून सुरू झालेले थेट लागणारे स्वस्त रंग मात्र पाणी लागताच पसरतात. एकाच गोधडीत असे वेगवेगळ्या काळांचे रंग शेजारी बसलेले असल्याने जुनी गोधडी सरळ बादलीत बुडवणे हा सर्वांत मोठा धोका. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्यांच्या गोधड्या लवकर वाळतात, पण घाम शोषत नाहीत.

डागडुजीची पद्धत ठिगळाची. झिजलेल्या जागी नवा तुकडा, त्यावर पुन्हा धावदोरा. सगळीच विरली तर तीच गोधडी नव्या दोन लुगड्यांच्या पोटात. म्हणून कधीकधी वरच्या थराच्या फटीतून आणखी जुनी शिवण दिसते. जुने ठिगळ उसवून ‘मूळ’ रूप शोधणे चुकीचेच आहे, कारण ठिगळाशिवाय गोधडीला मूळ रूप नसते. महाराष्ट्रातल्या या कामाची दखल गीता खंडेलवाल यांनी ‘गोधरीज ऑफ महाराष्ट्र’ या पुस्तकात घेतली, ते फार मोलाचे काम आहे.

आज पेटीतून निघणाऱ्या जुन्या किंवा अर्धवट शिवलेल्या तुकड्यांची सफाई कोरड्या बाजूने सुरू होते. वर जाळी धरून मंद ओढीच्या व्हॅक्यूमने धूळ काढतात. मग प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यावर ओला पांढरा सुती बोळा दाबून ठेवतात. डाग उठला तर धुणे तिथेच थांबते. रंग पक्के निघाले तर तुकडा जाळीवर आडवा ठेवून पसरट भांड्यात, मऊ पाण्यात आणि सौम्य साबणात, दाबत-सोडत धुतात. चोळणे, आपटणे, पिळणे नाही. वाळवणे सावलीत, सपाट. ट्रंकेच्या पत्र्याने किंवा लोखंडी कपाटाने पडलेल्या गंजाच्या डागावर लिंबू-मीठ चोळण्याची सवय घातक आहे, कारण आम्लाने सुती धागा आतून कमजोर होतो. थोडा डाग राहू द्यावा.

अपुऱ्या तुकड्याला नवे अस्तर लावायचे असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि जुने कापड ताणून फाटते. दोरा सुतीच हवा, जुन्या कापडापेक्षा मजबूत नको. ताण आलाच तर तुटायचा तो दोरा, कापड नव्हे. टाक्यांचे अंतर शेजारच्या ओळींसारखे, दोऱ्याला ओढ न देता. कडेला मऊ झालेल्या जुन्या साडीचा गोट शोभतो आणि टिकतो. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या गोधड्यांत कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची फुले लावतात. तसे कोपरे असतील तर ते कापून सरळ करू नयेत.

ठेवताना घडीऐवजी गुंडाळी करतात, बाहेरून धुतलेले मलमल. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. पावसाळा संपल्यावर गुंडाळी उलगडून सावलीत हवा दिली जाते. लुगडे कोणाचे, शिवले कोणी, गाव कोणते, ही माहिती सुती फितीवर लिहून मागच्या बाजूला दोन-तीन सैल टाक्यांनी जोडतात. तिथे डिंक किंवा टाचणी वापरत नाहीत.