सहा ठिपके, दोन खंड: एकसारख्या दिसणाऱ्या भुंगेऱ्यांच्या ओळखीचा इतिहास

१/
मावळ म्हटले की लोहगड, विसापूर, कार्ले आणि भाजे आठवतात. या प्रदेशाच्या पूर्वेस पसरलेल्या कोरड्या दख्खनमध्ये आणि भारताच्या इतर रुक्ष भागांत एक भुंगेरा राहतो. तो सुमारे चार सेंटिमीटर लांब, काळाभोर आणि सहा पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. याचे बहुतेक सारे भाऊबंद आफ्रिकेत आहेत. या भाऊबंदांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्यासाठी अडीचशे वर्षे जे प्रयत्न झाले, त्यांचा हा इतिहास.

२/
प्रथम दोन शब्द स्पष्ट करू. 'जाती' म्हणजे आपापसात प्रजनन करणाऱ्या जीवांचा गट आणि 'प्रजाती' म्हणजे जवळच्या जातींचा समूह. हा भुंगेरा कॅराबिडी कुळातला आहे. जमिनीवर वेगाने धावून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या या कुळात सुमारे चाळीस हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. अँथिया प्रजातीतील भुंगेऱ्यांना उडता येत नाही. संकटात ते शरीराच्या मागच्या टोकातून दाहक आम्लाची पिचकारी मारतात. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत त्यांना 'डोळ्यांत मुतणारा' अशा अर्थाचे नावच पडले आहे.

३/
दिसण्यावर विसंबणे किती धोक्याचे, याचा पुरावा कालाहारीच्या वाळवंटात मिळतो. तेथील एका सरड्याची पिल्ले काळी असून अंगावर पांढऱ्या खुणा मिरवतात आणि पाठ कमानीसारखी वाकवून ताठ पायांनी चालतात. मोठी झाली की त्यांचा रंग वाळूसारखा होतो आणि चालही बदलते. रेमंड ह्युई आणि एरिक पियांका या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, ही पिल्ले या आम्ल फेकणाऱ्या भुंगेऱ्यांची नक्कल करतात. शिकारी फसतो, कारण तो केवळ रूप पाहतो. आरंभीच्या कीटकशास्त्रज्ञांपुढेही हाच पेच होता.

४/
१७५८ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियस याने प्राण्यांना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. जमिनीवर धावणारे असंख्य भुंगेरे त्याने 'कॅराबस' या एकाच प्रजातीत घातले. १७६४ मध्ये त्याने आफ्रिकेतील एका भुंगेऱ्याला 'डेसेमगुट्टाटस' म्हणजे 'दहा थेंबांचा' असे नाव दिले. ठिपके मोजा आणि नाव ठेवा, अशी ही सरळ रीत होती.

५/
लिनियसचा शिष्य योहान ख्रिश्चन फाब्रिशियस (१७४५–१८०८) हा डॅनिश विद्वान होता. त्याने आयुष्यात सुमारे दहा हजार कीटकजातींना नावे दिली. व्यापारी आणि प्रवाशांनी जगभरातून आणलेले कीटक लंडनच्या धनिकांच्या संग्रहांत जमा होत असत. फाब्रिशियस तेथे जाऊन ते तपासत असे. १७७५ मध्ये त्याने भारतातील भुंगेऱ्याला 'सेक्सगुट्टाटस', म्हणजे 'सहा थेंबांचा', असे नाव दिले.

६/
बारा वर्षांनी, १७८७ मध्ये, त्याच फाब्रिशियसने आणखी एका भुंगेऱ्याला 'सेक्समॅक्युलाटस' म्हटले. याचा अर्थ 'सहा डागांचा'. ही जाती उत्तर आफ्रिकेतील वाळवंटी प्रदेशांत आढळते. एक थेंबांचा, दुसरा डागांचा! दोन खंडांतील दोन जाती, परंतु नावांचा अर्थ जवळजवळ एकच. केवळ नाव वाचून ओळखू पाहणाऱ्याची गफलत होणे अटळ होते.

७/
खुद्द ठिपकेही भरवशाचे नव्हते. या गटातील अनेक जातींचे पांढरे ठिपके म्हणजे बारीक केसांचे पुंजके. वाळूत घासून, वय होऊन हे केस झडतात आणि ठिपका पुसट होतो. शिवाय एकाच जातीत ठिपक्यांचा आकार बदलतो. लिनियसचा 'दहा थेंबांचा' भुंगेरा तर या बाबतीत फारच लहरी आहे. त्याच्या निरनिराळ्या रूपांना वेळोवेळी वेगवेगळी नावे दिली गेली आणि एकाच जातीभोवती नावांची गर्दी झाली.

८/
दुसरा चकवा नर-मादीचा. अँथियाच्या काही जातींत नराचे जबडे मादीपेक्षा लांब असतात आणि छातीवरच्या कवचाची मागची कड लांबट वाढलेली असते. शेजारी ठेवल्यास दोघे निराळ्या जातींचे वाटावेत. याउलट दोन खरोखर भिन्न जाती वरवर तंतोतंत सारख्या दिसू शकतात. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी शक्य होती: एकाचे दोन करणे किंवा दोघांना एक समजणे.

९/
महाराष्ट्राच्या इतिहासप्रेमींना ही अडचण परकी नाही. तांब्याच्या शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे असतात, म्हणून प्रत्येक शिवराई शिवकालीन ठरत नाही. ही नाणी पुढे पेशवाईतही पाडली जात होती. जाणकार अक्षरांचे वळण, वजन आणि आडव्या रेघा पाहतो. भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांनाही रंगापलीकडची अशी 'अक्षरांची वळणे' शोधावी लागली.

१०/
त्या दिशेचे पहिले पाऊलही फाब्रिशियसचेच होते. कीटकांचे गट पाडताना मुखावयवांची रचना पाहावी, असा त्याचा आग्रह होता. रंग झिजतो, परंतु जबड्यांची घडण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. १८०१ मध्ये फ्रीडरिक वेबर याने कॅराबसच्या त्या अवाढव्य गर्दीतून काही भुंगेरे बाहेर काढून 'अँथिया' ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. भारतातील सहा थेंबांचा भुंगेरा याच नावाखाली आला.

११/
तरीही वाद उरलेच. जुनी वर्णने लॅटिनमध्ये आणि दोन-चार ओळींची असत. ठिकाण म्हणून नुसते 'भारत' किंवा 'केप' लिहिलेले असे. अशा वेळी निर्णय कोणी द्यायचा? उत्तर एकच: ज्या नमुन्यावरून नाव दिले, त्या मूळ नमुन्याने. शास्त्रात त्याला 'टाइप' म्हणतात. पेशवे दफ्तरात अस्सल कागदाला जो मान, तोच येथे टाइपला. वर्णन ही नक्कल, नमुना हा अस्सल. फाब्रिशियसने पाहिलेले अनेक नमुने आजही लंडन आणि कोपनहेगनच्या संग्रहालयांत जपलेले आहेत.

१२/
हे अस्सल तपासण्याचे चिकाटीचे काम भारतातील भुंगेऱ्यांसाठी हर्बर्ट एडवर्ड अँड्रयूज (१८६३–१९५०) याने केले. त्याने भारताच्या वनखात्यात नोकरी केली आणि पुढे कॅराबिडी कुळालाच वाहून घेतले. १९१९ मध्ये त्याने ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्ड येथील मूळ नमुन्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९२९ आणि १९३५ मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील त्याचे दोन खंड निघाले. मधल्या काळात, १९३० मध्ये, भारतीय कॅराबिडींची सूचीही तयार झाली.

१३/
आफ्रिकेच्या बाजूने हेच काम अनेकांनी उचलले. केपटाउनच्या संग्रहालयातील लुई पेरिंग्वे याने दक्षिण आफ्रिकेच्या भुंगेऱ्यांची वर्णनात्मक सूची लिहिली. त्यातील कॅराबिडींचा भाग १८९६ मध्ये आला. १९११–१२ मध्ये शार्ल आल्युओ आणि रने जानेल हे फ्रेंच अभ्यासक पूर्व आफ्रिकेच्या उंच पर्वतांवर गेले. तेथील लहानशा पंखहीन भुंगेऱ्यांमध्ये पर्वतागणिक जाती बदलते, असे दिसून आले. रंग, आकार, चाल सारखी, आणि तरीही जाती वेगळ्या.

१४/
मग फरक दिसायचा कुठे? नराच्या जननेंद्रियात. भुंगेऱ्यांत हा अवयव कठीण, नळीसारखा वाकलेला असतो. त्याची वक्रता, टोकाचा आकार आणि आतले काटे जातीगणिक वेगळे असतात, तर एका जातीत ते बरेच स्थिर राहतात. वाळलेला भुंगेरा ओलावून मऊ करायचा, अवयव अलगद काढायचा, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र रेखाटायचे, अशी ही पद्धत. जानेलने १९२६ ते १९३० या काळातील आपल्या प्रचंड ग्रंथात तिचा कसोशीने वापर केला.

१५/
१९५० मध्ये बेल्जियमच्या प्येर बासिलेव्स्की याने अँथियाच्या जवळच्या काही जातींसाठी 'थर्मोफिलम' हे नाव पुढे आणले. काही अभ्यासक ती स्वतंत्र प्रजाती मानतात, तर काही अँथियाचाच उपगट. लिनियसचा 'दहा थेंबांचा' भुंगेरा आज अनेक ठिकाणी थर्मोफिलम म्हणून लिहिलेला आढळतो. नाव बदलते, पण अस्सल नमुना तोच राहतो आणि म्हणून माग हरवत नाही.

१६/
या साऱ्या काथ्याकुटाचे मोल काय? जानेल हा खंड सरकण्याच्या सिद्धान्ताचा सुरुवातीपासूनचा पुरस्कर्ता होता. भारत आणि आफ्रिका एकेकाळी गोंडवन या एकाच महाखंडात होते. उडता न येणाऱ्या भुंगेऱ्यांचे नातलग दोन्हीकडे असतील, तर त्यामागे प्राचीन विभाजन आहे, की नंतर कोरड्या प्रदेशांतून झालेला प्रवास? या प्रश्नाचे उत्तर जातींच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते. एक जाती चुकीची ओळखली, तर भूतकाळाचा नकाशाच चुकतो.

१७/
२००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट यांच्या गटाने डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जाती ओळखण्याची पद्धत मांडली. सुमारे साडेसहाशे अक्षरांचा हा तुकडा अनेक दिसायला सारख्या जाती वेगळ्या करतो. तथापि, तो तुकडा कोणत्या नावाला जोडायचा, हे ठरवण्यासाठी पुन्हा नीट ओळखलेला, संग्रहालयात ठेवलेला नमुना लागतोच. नवे तंत्र जुन्या अस्सलावरच उभे आहे.

१८/
आता मावळात परत येऊ. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सुमारे सातशे. जेमतेम पासष्ट किलोमीटरमध्ये हा उतार! तळेगावजवळचे उर्से या उतारावर मध्ये कुठेतरी येते. बहुतेक प्रवाशांना ते द्रुतगती मार्गावरील टोलनाका म्हणून ठाऊक असते. अशा पट्ट्यात नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते 'पुणे जिल्हा' लिहिले, तर तो भुंगेरा ओल्या घाटातला की कोरड्या माळावरचा, हे कधीच कळणार नाही.

१९/
गाव, तारीख, उंची, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव: एवढ्या पाच गोष्टी एका चिमुकल्या चिठ्ठीवर मावतात. तिच्याविना नमुना म्हणजे मिती नसलेले मोडी पत्र. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पश्चिम प्रादेशिक केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. आज ते आकुर्डीत, म्हणजे उर्सेपासून फार दूर नाही. अशा केंद्रांतील पेट्यांत टाचण्यांना टोचलेले भुंगेरे हे या प्रदेशाचे एक दफ्तरच आहे.

२०/
मावळातील माळ, शेते आणि ओढे झपाट्याने बदलत आहेत. रस्ते, कारखाने, वसाहती येतात आणि जमिनीवर धावणारा, उडू न शकणारा जीव दुसरीकडे सहज जाऊ शकत नाही. ज्याची नोंदच झाली नाही, त्याचे नाहीसे होणेही कोणाला कळत नाही. फाब्रिशियसने सहा थेंब मोजले, तेव्हा ते कोणत्या गावच्या मातीतले हे लिहून ठेवण्याची रीत नव्हती. आज ती रीत आहे.

(धागा समाप्त)