सोळा नंबरवरची शांतता

मागच्या जानेवारीतल्या एका रविवारी मी मुंबई बंदरातल्या जहाजांची, लाँचांची आणि ट्रॉलरांची बोलती बंद केली. सात-आठ मिनिटं तरी. आणि तीसुद्धा बसल्या बसल्या, अगदी शब्दशः.

झालं असं, की आमच्या एका मित्राने तिघांत मिळून एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. सुटीच्या दिवशी वारा बरा असेल तर आम्ही चार जण मांडव्याच्या बाजूला एक चक्कर मारून येतो. होडीवर जुना मरीन रेडिओ आहे. तो माझ्याकडे आला, कारण 'तू कॉम्प्युटरवाला ना?' (विजेवर चालणारी कुठलीही वस्तू सॉफ्टवेअर इंजिनियरला कळते असा आपल्याकडे ठाम समज आहे. घरचा मिक्सरसुद्धा माझ्याकडेच येतो.) तर त्या रेडिओच्या माईकचा हूक तुटलेला, म्हणून माईक बाकड्यावर पडलेला, आणि मी नेमका त्याच्यावर बसलो. बोलायचं बटण माझ्या वजनाखाली दाबलेलं राहिलं. त्यानंतरची आमची सगळी चर्चा, म्हणजे मित्राच्या मॅनेजरचा यथासांग उद्धार, चॅनल सोळावर प्रक्षेपित झाली.

कुणी सांगितलं का नाही? सांगणार कसं! हा रेडिओ म्हणजे फोन नव्हे. एकाच चॅनलवर ऐकायचं आणि बोलायचं, पण एका वेळी एकच. बटण दाबलेलं असेतो तुमचा सेट बहिरा असतो. बंदरातल्या लोकांनी आम्हाला कितीही शिव्या घातल्या असतील, तरी त्या ऐकू न येणारी जी एकमेव होडी होती, ती आमची. शेवटी गेटवेकडे जाणाऱ्या एका लाँचचा तांडेल मुद्दाम वळसा घेऊन जवळ आला, हातवारे केले, आणि ओरडला, "ओ भाऊ, माईक! माईकवर कोन बसलाय काय?"

हसलो तेव्हा सगळे. रात्री घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा हसू जरा ओसरलं.

चॅनल सोळा म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. जगभरच्या समुद्रावर, होडी असो की तेलाचं अवाढव्य जहाज, संकटात पहिली हाक मारायची ती इथे, आणि कान उघडे ठेवायचे तेही इथेच. आता गंमत (?) अशी, की हे प्रक्षेपण एफएम पद्धतीचं असतं, आणि एफएमच्या रिसीव्हरचा स्वभाव म्हणजे दोन सिग्नल एकदम आले तर जो जोरकस तो धरायचा, दुसरा गिळून टाकायचा. आवाज एकमेकांत मिसळतसुद्धा नाहीत. म्हणजे त्या सात-आठ मिनिटांत पलीकडे एखादी मच्छीमार होडी बुडत असती, आणि तिची क्षीण हाक आली असती, तर आमच्या आसपासच्या बोटींना काय ऐकू आलं असतं? मित्राचा मॅनेजर.

हे डोक्यात घेऊन मी टायटॅनिकपाशी पोचलो. टायटॅनिकवर आता नवीन काय लिहायचं असं वाटेल, सिनेमा सगळ्यांनीच पाहिलाय. पण ती गोष्ट बर्फाच्या डोंगराऐवजी वायरलेसच्या खोलीत बसून वाचून बघा. आपल्यातल्या ज्यांनी कधी रात्री-अपरात्री सर्व्हर पडल्यामुळे जागरण केलंय, त्यांना ती भलतीच ओळखीची वाटेल.

त्या खोलीत दोघे जण. जॅक फिलिप्स आणि त्याचा मदतनीस हॅरॉल्ड ब्राइड. दोघेही मार्कोनी कंपनीचे नोकर. त्यांचं रोजचं काम म्हणजे श्रीमंत प्रवाशांच्या तारा पाठवणं, 'प्रवास छान चालू आहे' वगैरे. पैसा त्यातच होता. १३ एप्रिल १९१२ च्या रात्री सेट बंद पडला. दोघांनी रात्रभर खपून तो पहाटे दुरुस्त केला. पण तोवर तारांचा ढीग साचलेला. १४ तारखेच्या रात्री न्यूफाउंडलंडचं केप रेस हे किनाऱ्यावरचं स्टेशन टप्प्यात आलं, आणि फिलिप्स ढीग उपसायला बसला.

रात्री ११ च्या सुमारास जवळच्या 'कॅलिफोर्नियन' जहाजाच्या ऑपरेटरने, सिरिल इव्हान्सने, हाक दिली. मित्रा, आम्ही थांबलोय, चारी बाजूंनी बर्फ आहे, अशा अर्थाची. जहाज जवळ असल्यामुळे हा सिग्नल फिलिप्सच्या कानात फटाक्यासारखा वाजला आणि केप रेसचं बारीक बोलणं बुडालं. फिलिप्सचं उत्तर प्रसिद्ध आहे. गप्प बस, मी कामात आहे.

पण यात आणखी एक बारकावा आहे. कप्तानाने कप्तानाला द्यायच्या संदेशाला तेव्हा एक ठरावीक शीर्षक लावत. ते असलं की ऑपरेटरने तो संदेश थेट ब्रिजवर न्यायचा. इव्हान्सने ते न लावता, आपण चॅटवर 'काय रे' म्हणतो तशी, गप्पांच्या सुरात बातमी दिली. म्हणजे हेडर नसलेलं पॅकेट, आणि समोर प्रायॉरिटी न बघता आल्या क्रमाने उपसायची रांग. फिलिप्सने ते टाकून दिलं. मला खरंच त्याचा राग येत नाही. मीही टाकलं असतं.

इव्हान्स आणखी थोडा वेळ ऐकत राहिला. जहाजावर तो एकटाच ऑपरेटर, सकाळपासून कामावर. साडेअकराच्या पुढेमागे त्याने सेट बंद केला आणि झोपला. ११.४० ला टायटॅनिक बर्फावर आदळलं. फिलिप्सची संकटाची हाक सव्वाबाराच्या सुमारास सुरू झाली, तेव्हा कॅलिफोर्नियनवर ऐकणारं कुणी नव्हतं. दोन जहाजांत नेमकं किती अंतर होतं यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, पण ५८ मैलांवरच्या 'कार्पेथिया'पेक्षा ते बरंच जवळ होतं यावर नाही. कार्पेथियाचा ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता, कपडे बदलत होता, हेडफोन मात्र अजून कानावर होते. सातशेच्या वर माणसं वाचली ती त्यामुळे. सुमारे पंधराशे गेली. फिलिप्स शेवटपर्यंत हाका पाठवत राहिला आणि त्याच रात्री मेला.

त्याच्या तीनच वर्षं आधी, जानेवारी १९०९ मध्ये, 'रिपब्लिक' नावाच्या जहाजावर धुक्यात दुसरं जहाज आदळलं होतं. तिच्यावरच्या जॅक बिन्सने तासन्‌तास संदेश पाठवून मदत आणवली, दोन्ही जहाजांवरची मिळून पंधराशेच्या वर माणसं सुखरूप उतरली. बिन्स हिरो झाला. तेव्हा सगळ्यांनी त्यातून धडा घेतला तो 'जहाजावर वायरलेस हवा' इतकाच. समोर जागं कुणीतरी हवं, हा अर्धा धडा राहून गेला आणि तो १९१२ मध्ये फार महागात शिकावा लागला. प्रवासी जहाजांवर चोवीस तास ऐकणारं माणूस हवं, हे १९१४ च्या लंडनच्या सागरी सुरक्षा करारात लिहिलं गेलं. नंतर महायुद्धात तो करार लटकला, ती गोष्ट वेगळी.

पण मला या सगळ्या इतिहासात सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे घड्याळ. जुन्या जहाजांच्या रेडिओच्या खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांच्या रंगीत पाकळ्या असत. लाल पाकळी १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं. त्या वेळात ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी हात मागे घ्यायचे आणि फक्त ऐकायचं. हिरवी पाकळी ० ते ३ आणि ३० ते ३३, ती २१८२ किलोहर्ट्झवरच्या बोलण्यासाठी. म्हणजे दर तासाला ठरलेल्या मिनिटांना अख्खा समुद्र मुद्दाम गप्प बसायचा, कुणी हळू आवाजात बुडत असेल तर ते ऐकू यावं म्हणून. प्रोटोकॉल वगैरे आपण रोज लिहितो, पण इतका सुसंस्कृत प्रोटोकॉल मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांसाठी उपग्रह आणि डिजिटल हाकांची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि त्या पाकळ्या इतिहासजमा झाल्या. आता चॅनल ७० वर यंत्रंच यंत्रांना हाक मारतात. तिथे बोलायचं नसतं. सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरलं की होडीचा नऊ आकडी क्रमांक (भारतातल्या होड्यांचा ४१९ ने सुरू होतो) आणि जागा आपोआप जाते. अर्थात जीपीएसची वायर जोडलेली असेल तरच! नाहीतर 'जगात कुठेतरी कुणीतरी संकटात आहे' इतकाच बोध पलीकडे होतो. आणि सेटमध्ये तो क्रमांक भरलेलाच नसेल तर बहुतेक सेटमध्ये बटण चालतच नाही.

जागेचं महत्त्व काय, ते कळायला 'एस्टोनिया'ची गोष्ट वाचा. २८ सप्टेंबर १९९४, टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली फेरी, ९८९ माणसं, बाल्टिकमध्ये वादळ. पुढचा दरवाजा लाटांनी उखडला. रात्री १ वाजून २२ मिनिटांनी पहिली मेडे ऐकू आली. नंतरच्या संभाषणाची नोंद उपलब्ध आहे, ती वाचताना पोटात गोळा येतो. पहिली काही मिनिटं कोण कुणाला हाक मारतंय आणि ही खरंच मेडे आहे का, यातच जातात. मग जागा विचारली जाते, तर जहाजावरची वीज गेलेली, आकडे दिसत नाहीत. जागा कळेपर्यंत पाच-सहा मिनिटं गेलेली, आणि त्यानंतर लगेचच आवाज थांबतो. ८५२ माणसं गेली. कलंडलेल्या ब्रिजवर अंधारात उभ्या असलेल्या माणसाने काय करायला हवं होतं हे मी खुर्चीत बसून सांगणार नाही. शिवाय मदतीची जहाजं वेळेत पोचणं कठीणच होतं. पण मेडेच्या वाक्यांचा क्रम पाठ का करून घेतात हे मात्र तेव्हा समजलं. मेडे तीनदा, होडीचं नाव तीनदा, मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव, लगेच जागा. काय झालं, काय मदत हवी, किती माणसं आहेत, हे सगळं त्यानंतर. मधेच आवाज तुटला तरी जागा गेलेली असते.

'मेडे' हा शब्द, जाता जाता, इंग्रजी नाहीच. १९२३ मध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरच्या फ्रेडरिक मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्याने तो सुचवला. पॅरिसकडची विमानं बरीच असायची, म्हणून 'मला मदत करा'ला जवळ जाणारा फ्रेंच उच्चार. इतर सगळ्यांना गप्प करायची आज्ञाही फ्रेंच वळणाचीच आहे, 'सीलाँस मेडे'. म्हणजे पाकळ्या गेल्या तरी शांतता राहिलीच आहे. (आणि सिनेमातलं 'ओव्हर अँड आउट' कृपया विसरा. ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे संपलं. दोन्ही एकदम म्हणजे काय?)

हे सगळं वाचत असताना मला आजीची आठवण येत होती. आजी रेवसच्या बाजूची. 'रामदास'चा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलायची, "संध्याकाळपर्यंत कुनाला ठाव नव्हतं." १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. गटारीला घरी निघालेले चाकरमानी, बायका, पोरं. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई तिथून नऊ-दहा मैलांवर. पण बोटीवर वायरलेस नव्हता. जी काही माणसं वाचली त्यांतली बरीचशी वाटेत असलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी उचलली, आणि मुंबईला बातमी कळली ती कित्येक तासांनी, किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. टायटॅनिकला ३५ वर्षं झाली होती तेव्हा. लहानपणी मला वाटायचं, आजी त्या वाक्यात वादळाबद्दल किंवा बोटीबद्दल काहीतरी राग व्यक्त करते आहे. आता वाटतं, तिला ते मधले तास बोचत असावेत. इकडे घरी सणाची तयारी चाललेली, आणि समोरच्याच पाण्यात ते सगळं होऊन गेलेलं.

आमची होडी मांडव्याला जाते ती साधारण त्याच पाण्यातून.

असो. तर त्या रविवारनंतर आम्ही काय केलं ते सांगतो. नवा सेट घेतला, लाल बटणवाला. यात बटण सलग पाच मिनिटं दाबलेलं राहिलं तर प्रक्षेपण आपोआप तुटतं. (याचा अर्थ माझ्यासारखी माणसं जगभर असावीत :) ) जीपीएसची वायर मी स्वतः जोडली आणि स्क्रीनवर आकडे हलताना पाहिले. निघण्याआधी बॅटरी तपासतो. ऐकायला सोळा कायम चालू, आणि गप्पा मारायच्या तर सोळावर फक्त हाक द्यायची, मग 'बहात्तरवर या' म्हणून तिकडे सरकायचं. जवळच्या होडीशी बोलताना २५ वॅटऐवजी १ वॅट, म्हणजे आपला आवाज उगाच अलिबागपर्यंत जात नाही. मोबाइल आहेच, तटरक्षक दलाचा १५५४ त्यात साठवलेला आहे. पण मोबाइल एकालाच ऐकू जातो, आणि जवळून जाणाऱ्या त्या तांडेलाचा नंबर माझ्याकडे नाही.

मेडेचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून सेटशेजारी चिकटवला आहे, नाव आणि क्रमांक आधीच भरून. कारण मी पाण्यात पडलो तर तो वाचणार मित्राची बायको किंवा त्याचा बारा वर्षांचा मुलगा. मुलाकडून दोनदा म्हणवून घेतला, अर्थातच सेट बंद ठेवून. पहिल्यांदा तो जागा सांगायला विसरला, दुसऱ्यांदा नाही.

आणि माईकचा हूक. तो चाळीस रुपयांचा निघाला.