दोन जहाजमांजरे : आख्यायिका आणि इतिहास

मांजराला नऊ आयुष्ये असतात, ही इंग्रजांची समजूत आता आपल्याही परिचयाची झाली आहे. मात्र संकटातून सुटलेल्या मांजरांच्या हकिगती वाचताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडतो : यात मांजराचा चिवटपणा किती आणि सांगणाऱ्या माणसाची गरज किती? ब्रिटिश नौदलातील दोन मांजरांच्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या, तर याचे काहीसे उत्तर मिळते.

पहिली कथा 'न बुडणाऱ्या सॅम'ची. २७ मे १९४१ रोजी 'बिस्मार्क' ही जर्मन युद्धनौका अटलांटिकमध्ये बुडाली. तिच्यावरील २,२०० हून अधिक माणसांपैकी सव्वाशेही वाचली नाहीत. फळीवर तरंगणारे तिचे मांजर मात्र 'कोसॅक' या ब्रिटिश विनाशिकेने उचलले, असे सांगतात. ऑक्टोबरमध्ये कोसॅक बुडाली, मांजर वाचले. नोव्हेंबरमध्ये 'आर्क रॉयल' बुडाली, मांजर पुन्हा वाचले! तीन संकटे आणि तीनदा सुटका, ही घडण लोककथेची आहे. बिस्मार्कच्या वाचलेल्या खलाशांना मुख्यतः 'डॉर्सेटशर' आणि 'माओरी' या नौकांनी उचलले होते, आणि पाणबुडीच्या भीतीने शेकडो माणसे पाण्यात सोडून त्यांना निघून जावे लागले होते. अशा वेळी तिसऱ्याच नौकेने मांजर वाचवले, यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. ग्रिनिचच्या संग्रहालयात या मांजराचे चित्र आहे. पण चित्र म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरी कथा सायमनची. १९४८ साली हाँगकाँगच्या बंदरात एका तरुण खलाशाला सापडलेले हे मांजर 'अ‍ॅमेथिस्ट' या नौकेवर राहू लागले. चीनमध्ये यादवी युद्ध चालू असताना, २० एप्रिल १९४९ रोजी, यांगत्से नदीतून नानजिंगकडे निघालेल्या या नौकेवर कम्युनिस्ट सैन्याने तोफा डागल्या. कप्तान स्किनर जखमांनी दगावले. सायमनच्या अंगात गोळ्याच्या ठिकऱ्या घुसल्या, मिशा जळाल्या. ते रात्र काढेल, असे कोणाला वाटले नव्हते. तरीही ते सावरले. नौका नदीत तीन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडली. अन्नाचा साठा आटत होता आणि त्यावर उंदीर टपलेले होते. अर्धवट बरे झालेले सायमन पुन्हा उंदरांच्या मागे लागले, आणि जखमी पोरसवदा खलाशांच्या उशाशीही बसू लागले. ३० जुलैच्या रात्री नौका अंधारातून निसटली.

प्राण्यांच्या शौर्यासाठी १९४३ साली सुरू झालेले डिकिन पदक सायमनला जाहीर झाले. हा मान मिळालेले ते आजवरचे एकमेव मांजर. मात्र मायदेशी पोहोचल्यावर नियमाप्रमाणे त्याला विलगीकरणात ठेवावे लागले, आणि तेथेच, पदक गळ्यात पडण्यापूर्वी, २८ नोव्हेंबर १९४९ रोजी एका संसर्गाने ते मरण पावले.

सॅमच्या कथेत मांजराला काहीच होत नाही, म्हणून ती सांगायला गोड वाटते. बुडत्या जहाजांच्या त्या वर्षांत काहीतरी तरंगत राहिले आहे, हा दिलासा माणसांना हवा होता; त्याबद्दल त्यांना हसण्याचे कारण नाही. पण चिवटपणाचा अर्थ आम्हांला सायमनच्या हकिगतीत अधिक उमगतो. तोफांतून ते वाचले ते अभेद्य होते म्हणून नव्हे. जखमी देहानेही त्याने आपले रोजचे काम सोडले नाही. आणि त्या देहाला किती सोसता येते याची मर्यादा होती, हेही त्याच हकिगतीच्या शेवटी नोंदलेले आहे.