सायकल, शाळा आणि तीन किलोमीटर

बिहारच्या खेड्यांत सातवी-आठवीपर्यंतची शाळा बहुधा जवळपास सापडते. माध्यमिक शाळा मात्र गावोगावी नाही. त्यामुळे आठवी झालेल्या मुलीपुढचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसून अंतराचा असतो. तीन-चार किलोमीटर पायी जायचे, तेवढेच परत यायचे, वाटेत निर्जन शेते. मग घरचे म्हणतात, पुरे झाली आता शाळा. आपल्या ग्रामीण भागातील शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

२००६ मध्ये तेथील सरकारने ‘मुख्यमंत्री बालिका सायकल योजना’ सुरू केली. सरकारी शाळेत नववीला नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी २००० रुपये देण्यात येऊ लागले. (मुलग्यांना ही मदत २००९ पासून मिळू लागली.) काही वर्षांतच नववीतल्या मुलींची संख्या झपाट्याने वाढली आणि श्रेय सायकलीला मिळाले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबावे. त्याच सुमारास बिहारमध्ये नवे रस्ते होत होते, कायदा-सुव्यवस्था सुधारत होती, लोकांच्या हाती थोडा अधिक पैसा खेळू लागला होता. मग मुली वाढल्या त्या सायकलीमुळेच कशावरून? प्रयोग करताना आपण एका कुंडीत खत घालतो आणि शेजारची कुंडी तशीच ठेवतो. एका अख्ख्या राज्याला अशी शेजारची कुंडी कोठून आणायची?

कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी ती शोधून काढली. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७-०८ च्या एका मोठ्या कुटुंब पाहणीतले आकडे त्यांनी घेतले. त्या वेळी १४-१५ वर्षांच्या मुलींना योजनेचा लाभ मिळू शकत होता. १६-१७ वर्षांच्या मुलींची नववीची वेळ आधीच टळून गेली होती. या दोन गटांच्या शाळेत जाण्याच्या प्रमाणातला फरक ही पहिली वजाबाकी. पण काळ सुधारला की मुलगेही अधिक शिकतात. म्हणून मुलग्यांमधला तसाच फरक त्यातून वजा केला. एक शंका तरीही उरते. मुलींचे शिक्षण त्या सगळ्या भागातच वाढत असले तर? त्यासाठी शेजारचे झारखंड उपयोगी पडले. नोव्हेंबर २००० पर्यंत ते बिहारचाच भाग होते आणि बिहारची ही योजना अर्थातच तेथे लागू नव्हती. तेथला फरक ही तिसरी वजाबाकी.

एवढे करून जे उरले, ते म्हणजे मुलींच्या प्रमाणात ३२ टक्के वाढ. हा आकडा वर्गात सांगताना जपून सांगावा. त्या वयाच्या शंभर मुलींपैकी पूर्वी सुमारे १६ जणी नववीपर्यंत पोचत, त्या साधारण २१ झाल्या, असा त्याचा अर्थ. मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली.

मला स्वतःला सर्वांत पटतो तो अंतराचा पुरावा. ही वाढ मुख्यतः माध्यमिक शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत दिसली. शाळा हाकेच्या अंतरावर असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. मुली केवळ २००० रुपयांसाठी नाव घालत्या, तर शाळेशेजारच्या मुलींनीही तितक्याच उत्साहाने घातले असते. नोटेची किंमत अंतराप्रमाणे बदलत नाही; सायकलीची बदलते. शिवाय एकाच वेळी साऱ्या मुलींना सायकली मिळाल्या, त्यामुळे त्या घोळक्याने जाऊ लागल्या. एकट्या मुलीने गावाबाहेर सायकलवरून जाणे जिथे चर्चेचा विषय होता, तिथे दहाजणींचे जाणे नेहमीचे झाले.

दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली, उत्तीर्ण होणाऱ्यांची १२ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधले अंतर मात्र शाळेच्या फाटकाच्या आतले आहे आणि तिथे सायकल चालत नाही.