इग्वाका: एका हाकेचा इतिहास

मराठीला 'कादंबरी' हा शब्द ज्या संस्कृत ग्रंथामुळे मिळाला, त्या बाणभट्टाच्या ग्रंथात कथा सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपट. 'शुकबहात्तरी'चा कथेकरीही पोपटच. बोलका पोपट आपल्या परंपरेला असा नवा नाही. परंतु पोपटाची स्वतःची भाषा असते आणि ती मरू शकते, हे आम्हांला कळले ते एका दूरच्या बेटाच्या इतिहासातून.

कोलंबस १४९३ साली प्वेर्तो रिकोला पोहोचला, तेव्हा कपाळावर लाल पट्टी असलेला हा हिरवा पोपट बेटभर होता. तेथील ताइनो लोक त्याला 'इग्वाका' म्हणत. उडताना तो देतो त्या हाकेचेच ते अनुकरण. पुढे शेतीसाठी अरण्ये तुटली. घरट्यासाठी त्याला जुन्या वृक्षांच्या ढोल्या लागतात. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास तो लुकियो पर्वतावरील 'एल युंके' अरण्यापुरताच उरला. या अरण्याचा काही भाग स्पेनच्या राजसत्तेने १८७६ साली राखीव केला होता.

१९७५ साली रानात अवघे १३ पक्षी उरले. त्याआधीच, १९७३ पासून, काही पक्षी बंदिवासात वाढवणे सुरू झाले होते. १९८९ च्या 'ह्यूगो' वादळाने रानातला थवा निम्म्यावर आणला. २००६ पासून रियो आबाहोच्या अरण्यात बंदिवासातले पक्षी सोडले गेले, आणि तो थवा तगला. २०१७ च्या 'मारिया' वादळाने मात्र एल युंकेचा रानटी थवा संपवला.

येथेच हानीचे खरे रूप दिसते. पोपट हाक शिकतो ती थोरांकडून. बंदिवासात वाढलेल्यांची हाक मूळ थव्याहून निराळी झाल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे जात वाचली, तरी बोली वाचेलच असे नाही. संख्येच्या तक्त्यात ही हानी नोंदली जात नाही.

टेड चियांग यांच्या 'द ग्रेट सायलेन्स' या कथेचा निवेदक हाच पोपट आहे. त्याच्या अरण्याजवळ आरेसिबोची प्रचंड दुर्बीण ताऱ्यांकडून येणाऱ्या शब्दाची वाट पाहते, आणि शेजारचा बोलणारा जीव दुर्लक्षित राहतो. ती दुर्बीणही २०२० साली कोसळली.

ताइनो भाषा आज कोणाची मातृभाषा नाही. तिचा 'इग्वाका' हा शब्द मात्र राहिला आहे. ज्या थव्याची हाक ऐकून तो घडला असेल, त्याची परंपरा तुटली. एका मृत भाषेने दुसरीची नोंद जपली, एवढेच आपल्या हाती उरते. भाषेच्या अभ्यासकांनी याकडे पक्षिशास्त्राचा विषय म्हणून पाठ फिरवू नये, असे आम्हांला वाटते.